खंडेनवमीला धुतलेली गिटार

पितृपंधरवडा सरत आला की आमच्या ईट गावातले दिवटे साउंड तपासायला काढतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसाच्या उंचीची काळी खोकी रचतात, जनरेटर चालू करतात आणि पहिला दणका देतात. जनावरांच्या दवाखान्यात मी पंचवीस वर्षं नोकरी करतोय. तिथल्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायला लागतात. खिडकीची काच थरथरते, इंजेक्शनसाठी आणलेली म्हैस दावं तोडायला बघते. आणि बाहेरून एखादा ओरडतो, "बेस वाढव रं! बेस येईना गेलाय!"

मला हसू येतं. चांगलं हसू नव्हे, नाकातून येतं ते. बेस येईना म्हणे! गड्यांनो, तुमच्या बापजाद्यांसमोर मी पंधरा वर्षं उभा राहून बेस वाजवला, तेव्हा तुमच्यापैकी एकाच्याही कानाला पत्ता नव्हता. तेव्हा मला विचारत होते, "नाना, तुमची गिटार चालू हाय का बंद?"

परंड्याच्या एका ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवायचो. पार्टीचं नाव सांगत नाही, मालक हयात आहे आणि त्याला फुकटची जाहिरात मिळावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. गणपती, नवरात्र, मग कोजागरी, असा आमचा सीझन. बाकीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चार, जाडजूड. ही पुढं येऊन मिरवत नाही. गाणं जिच्यावर उभं असतं ती ही. घराचा पाया कुणी बघायला येत नाही, रंग बघून जातात, तसलाच प्रकार. पण हे कुणाला सांगायचं? पहिल्या रांगेत बसणारे पुढारी विचारायचे, "चारच तारा? दोन तुटल्या व्हय?" माझ्या सासूबाई एकदा कार्यक्रम बघून गेल्या आणि बायकोला म्हणाल्या, "जावई लई छान उभं ऱ्हात्यात." बस्स. पंधरा वर्षांच्या साधनेला मिळालेली तेवढीच दाद.

ती गिटार आजही माझ्याकडं आहे. सत्तावीस वर्षं झाली. सोलापूरच्या एका बँडवाल्यानं धंदा मोडला तेव्हा माझ्या वडलांनी दोन मेंढ्या देऊन ती घेतली. आम्ही मेंढरंवाले, आमच्यात देणंघेणं मेंढरांवर चालायचं. घरी आणली, मी दारात बसून तार छेडली, वडलांनी कान दिला आणि म्हणाले, "मेंढ्या वरडत तरी हुत्या. हिचा आवाज कुठाय?" पुढं आयुष्यभर मी जे ऐकणार होतो त्याची ती सुरुवात होती.

रंग चहासारखा, दूध कमी पडलेल्या चहासारखा. डोक्यावर कंपनीचं नाव होतं, ते माझ्या आधीच्या मालकानं खरवडून टाकलेलं. का, ते त्यालाच ठाऊक. उजवा हात जिथं टेकतो तिथला रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलंय, ते माझ्या कोपराखाली गुळगुळीत झालंय. आवाजाचं एक बटण जीपमधून उतरताना तुटलं, त्याजागी मी पंख्याच्या रेग्युलेटरचं बसवलं. चांगलं बसलं. त्यावर एक ते पाच आकडे आहेत, त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही. वजन एवढं की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलाय. शिंपी दरवेळी विचारतो आणि मी दरवेळी सांगतो. तारा मी नऊ-नऊ वर्षं बदलत नाही. नव्या तारा खणखणतात. जुन्या झाल्या, घाम प्यायल्या की त्यांना समजूत येते.

मला दुसरी गिटार कधी हवीशीच वाटली नाही. हे लोकांना खरं वाटत नाही. माझ्या ओळखीतले वादक दर दोन वर्षांनी वाद्य बदलतात आणि मोबाइलवर फोटो दाखवत फिरतात. अरे, तुझी बोटं तीच ना? ताल चुकणारा पाय तोच ना? नाचता येईना अंगण वाकडं, आणि ह्यांना दरवर्षी नवं अंगण पाहिजे! मी ह्या लोकांचा मनापासून तिरस्कार करतो. म्हणजे करायचो, बेधडक करायचो, त्या एका नवरात्रापर्यंत. त्यानंतरही करतो, पण जरा आवाज खाली करून.

आताही तोच हंगाम चाललाय. रानात सोयाबीन वाळलंय, शेंगा उन्हात तडकतात. मळणी यंत्राचा भुसा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो. झेंडूचे मळे पिवळे झालेत. तुळजापुरातून ज्योत घेऊन पळणाऱ्या पोरांच्या टोळ्या रस्त्यावर दिसायला लागतील, बायका अनवाणी दिसतील. ह्या दिवसांत हवा ओली असते तशी कोरडीही असते, सकाळी एक आणि दुपारी दुसरीच, आणि गिटारीची मान किंचित वाकते. तारा लाकडापासून उचलल्या जातात. मग मी सायकलवाल्याकडून आणलेली षटकोनी चावी घेतो, मानेच्या टोकाच्या भोकात घालतो आणि पाव फेरा देतो. पावच. अर्धा दिला की बिघडली. सत्तावीस वर्षांत हा पाव फेरा मला एवढा पाठ झालाय की डोळे मिटून देतो. तो देताना दरवर्षी ते एक नवरात्र आठवतं. नऊ वर्षं झाली त्याला.

आमचा मालक, बापू. गळ्यात जाड साखळी, स्वतःच निवेदन करायचा, स्वतःच दोन गाणी म्हणायचा आणि दोन्हींत बेसूर. त्या वर्षी त्याच्या डोक्यात शिरलं की पार्टी "दिसली" पाहिजे. ऐकू येणं दुय्यम. सगळ्यांना चमकीची जाकिटं शिवली. मला ते जाकीट घालून आरशात बघितल्यावर कुणीतरी सजवलेला पोळ्याचा बैल आठवला, आणि बैलाबद्दल वाईट वाटलं. जाकिटावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण बापूची नजर माझ्या गिटारीवर गेली.

"नाना, ही जुनाट गिटार बदला आता. स्टेजवर घान दिसती."

"बापू, ती अठरा वर्सं झाली माझ्याकडं."

"म्हनून तर म्हनतोय. आता समदे चकाचक वाजिवत्यात. न्हायतर असं करतो, तुमी बसा घरी. सत्या हाय की, डाव्या हातानं वाजिवतोय बेस. कुनाला काय कळतंय?"

सत्या म्हणजे सतीश, आमचा कीबोर्डवाला. परंड्याचाच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सहा वर्षं आम्ही एका स्टेजवर होतो आणि सहा वर्षं मी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. कीबोर्ड हे माझ्या मते वाद्यच नव्हे, ते सामानाचं दुकान. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की घोडा पळतो. आणि खालच्या पट्ट्यांवर डावा हात ठेवला की बेस! म्हणजे माझी अठरा वर्षं त्याच्या करंगळीत. सतीश मला "नाना, चहा?" म्हणायचा, मी "नको" म्हणायचो. आमचं संभाषण सहा वर्षं एवढंच.

त्या दिवशी बापूनं त्याचं नाव घेतलं तेव्हा सतीश वायरी गुंडाळत खाली मान घालून उभा होता. मी मनात म्हटलं, बोलंल कशाला, ह्यानंच कान भरले असतील.

गणपतीतल्या एका कार्यक्रमाहून उमरग्याकडून परत येताना आम्ही नळदुर्गच्या बाहेर एका धाब्यावर जेवायला थांबलो. मल्लिनाथ म्हणून एक जण तो धाबा चालवतो. भिंतीवर बैलगाडीचं चाक, जुना कंदील, एक फुटका रेडिओ असं काहीबाही टांगलेलं, आणि मधोमध एक लालभडक बेस गिटार. पाच तारांची. त्याच्या लेकानं पुण्यात शिकताना घेतली, पंधरा दिवसांत कंटाळला, बापानं आणून भिंतीला लावली. बापूचे डोळे लकाकले.

"मालक, ही आमाला द्या, आमची तुमी घ्या!"

मल्लिनाथ भाकरीचं पीठ हाताला लागलेलं तसाच बाहेर आला. माझ्या गिटारीकडं बघितलं, लाल गिटारीकडं बघितलं. "मला काय वो," म्हणाला, "भिताडाला टांगायचीच हाय. कंची बी चालतीय."

कंची बी चालतीय! आणि आता ऐका माझी लायकी. मी नाही म्हणालो नाही. घरी बसायची भीती वाटली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. ती लाल गिटार मी हातात घेतली, ती हलकी होती, दिव्याखाली चमकत होती, आणि चमकीच्या जाकिटावर ती कशी दिसेल हे माझ्या मनात येऊन गेलं. मी! जन्मभर ज्यांना नाकं मुरडली त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो, आणि तेही पुढं. माझी गिटार मल्लिनाथनं चाकाच्या आणि कंदिलाच्या मध्ये तारेनं बांधली. मी जेवणही पोटभर जेवलो. ह्याची मला आजही लाज वाटते.

घट बसले. लाल गिटार घेऊन मी स्टेजवर चढलो आणि अहो, काय सांगू, लोकांनी मला बघितलं! पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा फोटो काढला. "लाल गिटारवाले नाना" म्हणून बापूनं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. वाजवलेलं तेच होतं. नाही, तेही नव्हतं. पाचवी तार नुसती गुरगुरायची. मान रुंद, माझं बोट सवयीनं जिथं पडायचं तिथं दुसराच सूर असायचा. कोपर टेकवायला जावं तर प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत रंग, घामानं घसरायचा. चार कार्यक्रमांत मी जेवढे चुकीचे सूर लावले तेवढे अठरा वर्षांत लावले नव्हते, आणि त्यावर टाळ्या मिळाल्या. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ना, इथं गाढवं दगडाला गूळ म्हणून चाटत होती. घरी आलो की हात मोकळे मोकळे वाटायचे. बायको म्हणाली, "तुमी पडल्या पडल्या पोटावर बोटं काय हालवताय?" माझ्या ध्यानातही नव्हतं.

अष्टमीला मी ठरवलं. बापू घरी बसवतो तर बसवू दे, माझी गिटार आणायची. नवमीचा कार्यक्रम परंड्यालाच होता, संध्याकाळी. सकाळी लवकर निघालं तर नळदुर्गला जाऊन दुपारपर्यंत माघारी फिरता येईल, संध्याकाळी जुनी गिटार घेऊन स्टेजवर. लाल गिटार पाठीला बांधली आणि मोटारसायकल काढली. तुळजापूरच्या अलीकडं रस्त्यावर माणूसच माणूस. ज्योतवाले पळत होते, त्यांच्यामागं टेम्पोवर खोकी दणदणत होती. पहिल्या गिअरवर गाडी चालवत मी सगळ्यांना शिव्या घालत होतो, देवीची माफी मागून.

पण त्या गडबडीत मी एक विसरलो होतो. नवमी म्हणजे खंडेनवमी. ज्याचं ज्याच्यावर पोट, ते त्यानं धुवायचं आणि पुजायचं. आमच्या घरी कात्री आणि घोंगडीचा माग पुजायचे, दवाखान्यात आम्ही सुया आणि चिमटे पुजतो. धाब्यावर काय पुजत असतील ह्याचा विचार मला यायला पाहिजे होता.

मी पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. धाब्याच्या पुढच्या ओट्यावर शेणानं सारवून, रांगोळी काढून ओळीनं मांडलेलं: भाकरीचा मोठा काळा तवा, झारे, पाटा-वरवंटा, मिक्सर, गॅसची शेगडी, मल्लिनाथची फटफटी. आणि तव्याच्या शेजारी माझी गिटार. धुतलेली! नळाखाली, नारळाच्या शेंडीनं घासून धुतलेली! तिच्या अंगावर हळदीची पाच बोटं ओढलेली, चारी खुंट्यांना कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. वायर खोचायच्या भोकातून पाणी टपकत होतं.

मी हात पुढं केला आणि मागून आवाज आला, "ब्याड! ब्याड! हात न्हाय लावायचा!"

मल्लिनाथची आई. त्या भागात कानडी मिसळून बोलतात; नकोला ब्याड म्हणतात, आईला आव्वा. सत्तरीच्या पुढची, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, कंबरेत वाकलेली पण आवाज खणखणीत.

"आव्वा, ती माझी हाय. वाजवायची गिटार हाय ती. तुमी पान्यात घातली तिला!"

"मग? धुवाय नको? किती कळकट झालती. भिताडावरचं समदं धुतलं मी."

"आव्वा, तिच्यात वायरी असत्यात. मला आज संध्याकाळी परंड्याला वाजवायचंय. द्या मला, पाया पडतो."

"पुजंला बसलेलं उठवत न्हायत बाबा. उद्या दसऱ्याला नारळ फुटला की ने. आज तिलाबी सुट्टी." आणि तिनं माझ्यासमोर पाट टाकला, जणू मी राहणारच होतो.

मल्लिनाथनं हात वर केले. "आमच्यात आईपुढं न्हाय चालत. आज आमी धाब्यावर चूलबी पेटवीत न्हाय, बघा की."

मी बापूला फोन लावला. सांगितलं, असं असं झालंय. तो आधी हसला, मग म्हणाला, "लाल हाय ना जवळ? मग या की ती घिऊन. न्हाय आला तरी चालतंय, सत्या हाय. कुनाला काय कळतंय नाना!"

दुसऱ्यांदा तेच वाक्य. लाल गिटार माझ्या पाठीला होती. निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो, पार्टीतली जागा राहिली असती, फोटो निघाले असते. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, असं का? बघूच आता. एक दिवस मी नसतो तिथं. पंधरा वर्षं तुमच्या गाण्याखाली मी खांदा देऊन उभा आहे, एक दिवस खांदा काढतो. गाणं जमिनीवर आपटलं की येशील शोधत. मी फोन बंद केला आणि पाटावर बसलो.

दिवसभर मी माझ्या गिटारीसमोर बसून होतो. हात लावायची चोरी. पाणी आत मुरतंय हे दिसत होतं. शेवटी मल्लिनाथकडून एक उभा पंखा मागून घेतला आणि ओट्याच्या खाली लावून तिच्यावर सोडला. पंखा लावायला शास्त्राची हरकत नव्हती. झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या, समई विझायला लागली तेव्हा आव्वा येऊन पंखा जरा वळवून गेली. उलट दिशेला नव्हे, गिटारीकडंच, समईला चुकवून. मग माझ्याजवळ बसली.

"काय वाजतंय ह्यातनं?"

"खालचा आवाज. जाड. लोकांना ऐकू येत न्हाय तेवढा."

"मग कशाला वाजिवतो?"

मी पंख्याची वायर सरळ करत बसलो. तिनं तव्याकडं बोट केलं. "ह्या तव्यावर मी लग्न होऊन आल्यापासून भाकरी टाकती. मल्लूनं नवा आनला हुता, काळा, गुळगुळीत, काय चिटकत न्हाय म्हनं. चार दीस टाकल्या. भाकरी व्हायच्या, पन मला समाधान न्हवतं. गिऱ्हाइकाला काय कळत न्हवतं. मला कळत हुतं की." मग माझ्याकडं बघून ती म्हणाली, "म्या न्हाय दिला माझा तवा कुनाला. तू का दिलास?"

अहो, मोठमोठे माझ्या तोंडाला लागून गेले, मी कुणाला जिंकू दिलं नाही. ह्या म्हातारीनं एका वाक्यात मला जमिनीला टेकवलं.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटला, आव्वानं स्वतः माळ काढली आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. तिथं आवाज वाढवायचा अँप कुठला असणार? बिनविजेची बेस गिटार जवळपास मुकी असते. पण एक युक्ती आहे, ती फक्त आम्हाला माहीत असते: हनुवटी गिटारीच्या वरच्या लाकडी टोकाला टेकवायची आणि तार छेडायची. आवाज कानातून येत नाही, जबड्याच्या हाडातून आत चढतो. मी टेकवली. सगळ्यात जाड तार छेडली. आली! दातांत, कवटीत, मानेत, सगळीकडं तीच आली, ओली, सर्दी झाल्यासारखी, पण तीच. माझे डोळे भरले. मल्लिनाथ बघत होता म्हणून मी कुंकू गेलं डोळ्यात असं म्हणालो. लाल गिटार त्यानं पुन्हा भिंतीला लावली. आजही तिथं आहे, आणि ती तिथंच शोभते.

वाटेत थांबून मी ढोलकीवाल्याला फोन केला. जीव कानात गोळा करून विचारलं, "काल कसा झाला?"

"एक नंबर नाना! तीन येळा वन्समोअर! तुमी पायजे हुता."

"बेसचं काय?"

"बेस ना? मस्त हुता की! लई घुमत हुता."

झालं. म्हणजे सतीशनं वाजवला आणि माझ्याहून बरा वाजवला. खांदा काढला आणि काहीही पडलं नाही. ईटपर्यंत गाडी मी कशी आणली मला आठवत नाही.

संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन घरोघरी फिरत होते. दारात सतीश उभा! परंड्याहून ईटला मुद्दाम आलेला. मी उठलोही नाही. म्हटलं, आला मीठ चोळायला. त्यानं पान दिलं, पाया पडला, खाली बसला, आणि मग गिटारीकडं बघून म्हणाला, "बरं झालं आनली ते."

"काल वाजवलास म्हनं झकास."

त्यानं खिशातलं उरलेलं एक पान चुरगाळलं. "न्हाय नाना. म्या वाजवलाच न्हाय."

"म्हंजे?"

"डावा हात मांडीवर ठिवला हुता. पयल्या गान्यापासनं शेवटपतुर. बेस नव्हताच काल."

"आन ढोलकीवाला म्हनतोय मस्त घुमत हुता!"

"बापूबी तेच म्हनला. मला शाबासकी दिली."

मला हसावं की रडावं कळेना. "का नाही वाजवलास पण?"

"तुमची जागा हाय ती," तो म्हणाला. "सहा वर्सं म्या तिच्यावर पाय देऊन उभा हाय. तुमी चुकत न्हाय म्हनून माझ्या चुका झाकत्यात. काल त्या जागी कायच नव्हतं, तर मला पायरी चुकल्यावानी हुत हुतं. म्या वाजवला असता, तर बापू म्हनला असता, नाना नकोच आता. म्हनलं, मोकळी ठिवू. कळलं कुनाला तर बरंच हाय."

"कळलं का कुणाला?"

"कुनालाच न्हाय!"

आणि आम्ही दोघं हसत सुटलो. बायको चहा घेऊन आली आणि आम्हाला बघून तशीच उभी राहिली. मी सतीशला म्हटलं, "चहा घे." सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला चहा विचारला.

कोजागरीला मी जुनी गिटार घेऊन गेलो. बापूनं विचारलं, "लाल कुठाय?" म्हटलं, "भिंतीला." तो म्हणाला, "मग तुमीबी लागा भिंतीला." असा माझा पंधरा वर्षांचा निरोप समारंभ दोन वाक्यांत आटपला. नारळही दिला नाही. मी पट्टा खांद्यावरून काढला, जाकीट खुर्चीवर टाकलं आणि घरी आलो. खांदा दुखत होता, बाकी काही नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती पार्टी चालली. गणपती, नवरात्र, कोजागरी, जत्रा. दोन वर्षं सतीशनं डावा हात मांडीवरून उचलला नाही. दोन वर्षं त्या ऑर्केस्ट्रात बेस नव्हता आणि हजारो माणसांच्या लक्षात आलं नाही. मालकाच्या नाही, गायकाच्या नाही, साउंडवाल्याच्या तर नाहीच नाही. तो बिचारा बेसचं बटण फिरवून "आता आला बगा" म्हणायचा. मग बापूनं पार्टी मोडली आणि असलीच काळी खोकी घेतली. आता बेसशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. ज्यांना दोन वर्षं तो नाही हे कळलं नाही, तेच आता रस्त्यात उभे राहून "वाढव रं" म्हणून बोंबलतात, आणि दुसऱ्या दिवशी बिचकलेली जनावरं माझ्याकडं दवाखान्यात येतात. दूध आटलेली गाय मालकाकडं बघते आणि मी मालकाकडं बघतो. आमचं दोघांचं मत एकच असतं.

आज चावीचा पाव फेरा दिला, मान सरळ झाली. मानेच्या सांध्यात आव्वाची हळद अजून आहे. मी मुद्दाम काढत नाही. खुंट्यांचं कुंकू मात्र घामानं केव्हाच गेलं. आत पाणी गेल्यापासून एका तारेचा आवाज किंचित भरडा येतो, आधीच्यापेक्षा बरा येतो असं माझं मत आहे, पण ते आव्वाला कळवून तिचा भाव वाढवायची गरज नाही.

ह्या दिवसांत सतीश येतो. परंड्याला त्याचं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कीबोर्ड मांडतो, मी छोटा अँप लावतो, पडवीत बसून दोघंच वाजवतो. बाहेर रस्त्यावर खोकी दणदणत असतात, त्यामुळं आमचं आम्हालाही धड ऐकू येत नाही. परवा मी जरा चिडून म्हणालो, "आता इथं कोण बापू हाय? तुला आवडत असंल तर डाव्यानं वाजव की खालचं, मी तेवढी तंबाखू मळतो."

"मळा तुमी," म्हणाला, आणि उजव्या हातानं वाजवत राहिला.

मी तंबाखू मळत ऐकत होतो. गाण्याच्या खाली भलीमोठी जागा रिकामी होती, आणि त्याचा डावा हात मांडीवर होता.